आखाजीच्या सुट्टीत जुने डब्ल्यूडब्ल्यूएफ गेम्स पुन्हा खेळायचे असतील तर: मांडणी, कसोट्या आणि माझा निकाल

जळगावात आमच्या गल्लीच्या तोंडाशी प्लेस्टेशनचं एक दुकान होतं. वर पत्रा, आत तीन टीव्ही, एक टेबलफॅन आणि तासाला दहा रुपये. मे महिन्यात बाहेर पारा पंचेचाळीसला टेकलेला असायचा आणि आत आम्ही आठ-दहा पोरं घामाने निथळत डब्ल्यूडब्ल्यूएफ या अमेरिकन कुस्तीच्या शोवरच्या गेममधला अंडरटेकर हा पहिलवान आपल्यालाच मिळावा म्हणून भांडायचो. "आते मना नंबर शे!" (आता माझा नंबर आहे) हे वाक्य त्या खोलीत दिवसातून शंभरदा ऐकू यायचं. लोडशेडिंग झालं की उरलेली मिनिटं दुकानदार वहीत लिहून ठेवायचा आणि लाईट आल्यावर इमानदारीने परत द्यायचा.

वीसेक वर्षांनी तेच गेम पुन्हा लावले, तेव्हा आपल्याला आठवते ती बहुतेक वेळा ती खोली असते, हे कळलं. गेम चांगला होता की संगत चांगली होती, हे एकदा खेळून उमगत नाही. त्यासाठी सगळे गेम एकाच मापाने मोजावे लागतात. गेल्या दोन आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मी आणि माझ्या मावसभावाने ते केलं. आमची पद्धत इथे सविस्तर देतो.

आधी गेम निवडा, आणि थोडेच निवडा

कुस्तीचे जुने गेम शेकडो आहेत. सगळे घेऊन बसलात तर एकही नीट खेळून होणार नाही. पाच किंवा सहा पुरेत, पण ते वेगवेगळ्या घराण्यांतले हवेत.

पहिलं घराणं टीव्हीला जोडायच्या काडतुसवाल्या व्हिडिओ गेमचं (काडतूस म्हणजे मशीनमध्ये खोचायची गेमची प्लास्टिकची डबी). निन्टेंडोचा 'प्रो रेसलिंग' १९८६ चा. त्यातला स्टार मॅन आणि जिंकल्यावर येणारी 'अ विनर इज यू' ही मोडकी इंग्रजी पाटी अनेकांना आठवत असेल. यानंतर १६ बिटवाला, म्हणजे पुढच्या पिढीच्या मशीनवरचा 'रॉयल रंबल' येतो, १९९३ चा, आणि १९९४ चा 'रॉ'. या दोन्हींत पकड झाली की मीटर दिसतो आणि जो बटण जास्त जोरात बडवेल त्याचा डाव लागतो. मिडवेचा १९९५ चा 'रेसलमेनिया: द आर्केड गेम' मात्र अगदी निराळा. त्यात आठच पहिलवान आहेत, खऱ्या माणसांचे फोटो वापरून केलेले, आणि डॉइंक चक्क मोठा हातोडा काढून मारतो. ती कुस्ती कमी आणि मारामारी जास्त. तुलनेत तो वेगळा ठेवा, पण एक संध्याकाळ त्याला जरूर द्या.

मुख्य सामना पुढच्या दोन घराण्यांत आहे. एकीकडे जपानच्या यूक्स कंपनीची 'स्मॅकडाउन' मालिका: पहिला भाग मार्च २००० मध्ये प्लेस्टेशन वनवर, दुसरा 'नो युअर रोल' त्याच वर्षी नोव्हेंबरात. पुढे पीएस टूवर (प्लेस्टेशन टूवर) 'जस्ट ब्रिंग इट' २००१ मध्ये, 'शट युअर माउथ' २००२ मध्ये आणि 'हिअर कम्स द पेन' २००३ मध्ये. दुसरीकडे एकेआय या जपानी कंपनीचे निन्टेंडो ६४ वरचे गेम: १९९९ चा 'रेसलमेनिया २०००' आणि २००० चा 'नो मर्सी'. दोन्ही घराण्यांचे हे गेम बाजारात आणणारी कंपनी एकच, टीएचक्यू. म्हणून २००० साली एकाच कंपनीकडून, जवळजवळ त्याच पहिलवानांना घेऊन, दोन अगदी उलट विचारांचे गेम आले. तुलनेची खरी मजा इथेच आहे.

जुन्या डिस्क शोधताना एक लक्षात ठेवा. वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या संस्थेशी नावावरून कोर्टात वाद झाला आणि मे २००२ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफचं डब्ल्यूडब्ल्यूई झालं. त्यामुळे 'जस्ट ब्रिंग इट'पर्यंतच्या खोक्यांवर एक नाव आहे आणि 'शट युअर माउथ'पासून दुसरं. शोधताना दोन्ही नावं टाका.

माझी यादी: 'रॉयल रंबल', पहिला 'स्मॅकडाउन', 'नो युअर रोल', 'नो मर्सी', 'हिअर कम्स द पेन', आणि मोबाईलसाठी 'स्मॅकडाउन व्हर्सेस रॉ २००६'.

मशीनची जुळवाजुळव

खरं मशीन असेल तर उत्तम. पीएस टूवर प्लेस्टेशन वनच्या डिस्कही चालतात, म्हणजे एका मशीनमध्ये अर्धी यादी होते. पण वनचा गेम सेव्ह करायला वनचंच मेमरी कार्ड लागतं. त्यात १५ कप्पे असतात. टूच्या ८ एमबीच्या कार्डात वनचा सीझन, म्हणजे अनेक मॅचची सलग कथा, सेव्ह होत नाही. हे माहीत नसल्याने आमचा एक अख्खा दिवस वाया गेला.

परदेशातून आणलेलं मशीन असेल तर प्लग लावण्याआधी मागचा व्होल्टेजचा आकडा वाचा. अमेरिकेचं मशीन १२० व्होल्टचं असतं. आपल्या २३० वर ते सरळ लावलं तर आतला पुरवठा जळतो. विजेचा दाब वरखाली होत असेल तर मशीनला स्टॅबिलायझर द्या. खानदेशातल्या उन्हाळ्यात धूळ आणि उष्णता दोन्ही असतात, म्हणून मशीन कपाटाच्या बंद कप्प्यात ठेवू नका. मागच्या पंख्याची जाळी ब्रशने झाडा आणि तासाभराने दहा मिनिटं विश्रांती द्या. डिस्क पुसताना मऊ सुती फडकं मधून कडेकडे सरळ न्या, गोल फिरवू नका.

खरं मशीन नसेल तर कॉम्प्युटरवर इम्युलेटर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, लावता येतो. प्लेस्टेशन वनसाठी डकस्टेशन, टूसाठी पीसीएसएक्स टू, जुन्या काडतुसांसाठी रेट्रोआर्क. वन आणि टूच्या इम्युलेटरला मशीनची बायोस फाईल (मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्राम) लागते. ती आपल्याच मशीनमधून काढायची, आणि गेमही आपल्या डिस्कवरूनच उतरवायचा. पहिलवानांच्या नावांचे आणि संगीताचे करार संपल्याने हे गेम आता नवे विकत मिळत नाहीत. त्यामुळे जुन्या डिस्क जपून ठेवणाऱ्याचं मोल मोठं आहे. कुणाच्या माळ्यावर पडल्या असतील तर भंगारात जाण्याआधी मागून घ्या.

मोबाईलवर खेळायचं असेल तर पीपीएसएसपीपी. पीएसपीच्या (प्लेस्टेशनच्या हातात धरून खेळायच्या मशीनच्या) या इम्युलेटरला बायोस लागत नाही, आणि 'स्मॅकडाउन व्हर्सेस रॉ २००६' पीएसपीवरही आला होता. लाईट गेल्यावर तुलना थांबू नये यासाठी मी तो यादीत घेतला.

चार जणांनी खेळायचं तर निन्टेंडो ६४ ला चार रिमोट थेट लागतात. प्लेस्टेशनला मल्टिटॅप, म्हणजे जास्तीचे रिमोट जोडायचा डबा, लागतो, आणि जुन्या जाड पीएस टूचा मल्टिटॅप स्लिमला बसेलच असं नाही, घेताना लावून पाहा. डकस्टेशन आणि पीसीएसएक्स टूमध्ये मल्टिटॅप सेटिंगमधून चालू होतो.

टीव्ही: ही पायरी गाळू नका

कुस्तीच्या गेमचा प्राण म्हणजे उलटडाव. समोरच्याने हात टाकला की अचूक क्षणी बटण दाबायचं. आजच्या एलईडी टीव्हीत चित्र सजवायला वेळ जातो आणि बटण दाबणं व दिसणं यांत फट पडते. दुकानातल्या डबा टीव्हीवर ती फट जवळजवळ नव्हती. मी पहिल्यांदा 'पेन' नव्या टीव्हीवर लावला (आमच्याकडे त्या गेमला सगळे नुसतं 'पेन' म्हणत), तेव्हा दहापैकी दोनच उलटडाव लागले. माझा हात गेला असंच वाटलं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड चालू केला आणि सहा लागायला लागले.

म्हणून आधी गेम मोड चालू करा. वायरलेस रिमोटऐवजी वायरचा घ्या. डकस्टेशन आणि रेट्रोआर्कमध्ये रन-अहेड नावाची सोय आहे, तिने उशीर आणखी कमी होतो. चित्र चारास तीन या मापातच ठेवा. ताणून अख्खा पडदा भरलात तर बिग शोसारखा धिप्पाड पहिलवान आणखी रुंद दिसतो आणि अंतराचा अंदाज चुकतो.

अजून एक बारकावा. युरोप आणि भारतासाठीच्या पाल डिस्क सेकंदाला ५० चित्रं दाखवतात, अमेरिकेच्या ६०. काही जुने गेम पालवर त्यामुळे खरोखरच हळू चालतात. दुकानांतल्या डिस्क कुठल्या मुलखाच्या होत्या याचा पत्ता नसायचा. त्यामुळे 'तेव्हा जास्त फास्ट होतं' ही आठवण खरीही असू शकते. तुलना करताना सगळे गेम एकाच जातीचे घ्या.

हात बसवणे

प्रत्येक गेमला पहिला तास नुसता हात बसवायला द्या आणि त्या तासातलं मत वहीत लिहू नका. 'स्मॅकडाउन'मध्ये गोल बटण आणि दिशा दाबली की थेट डाव लागतो. 'नो मर्सी'मध्ये आधी पकड येते: ए बटण हलकं टिचकवलं तर कच्ची पकड, दाबून धरलं तर पक्की, आणि मग दिशेप्रमाणे डाव. एकाची सवय दुसऱ्यात आडवी येते. एका दिवशी एकच घराणं खेळा.

क्रमाबद्दल माझं ठाम मत आहे: जो गेम लहानपणी सर्वांत लाडका होता तो शेवटी खेळा. तो आधी खेळलात तर बाकीच्यांचा न्याय होत नाही.

कसोटी पहिली: एकच जोडी सगळीकडे

अंडरटेकर १९९३ च्या 'रॉयल रंबल'पासून २००६ पर्यंत माझ्या यादीतल्या प्रत्येक गेममध्ये आहे. आपल्या पिढीला त्याच्याबद्दल कुतूहलही जास्त. तो सात वेळा मेलाय ही बातमी आमच्या शाळेत प्रत्येकाला पक्की माहीत होती. २००० पासूनच्या गेम्ससाठी त्याच्यासमोर रॉकला उभा करा. साधी मॅच, मधली अवघडता, तीन वेळा. तिन्ही वेळा किती मिनिटं लागली आणि किती उलटडाव झाले ते लिहा.

इथे दोन घराण्यांचा स्वभाव उघडा पडतो. 'स्मॅकडाउन'मध्ये मीटर भरला की फिनिशर, म्हणजे मॅच संपवणारा खास डाव, खिशात पडतो. तो साठवता येतो, वाटेल तेव्हा काढता येतो. त्यामुळे मॅच धावती आणि गर्दीला आवडेल अशी होते, पण कधीकधी सगळं एका हिशेबावर येऊन ठेपतं: कुणाच्या खिशात किती. 'नो मर्सी'मध्ये साठवण नाही. तुमचा जोर चढत जातो, मीटर लखलखतो, आणि ठराविक वेळातच फिनिशर लागला तर लागला. हुकलात तर पुन्हा पहिल्यापासून. यात्रेतल्या दंगलीत हलगी चढते तेव्हा मल्लाच्या अंगात येतं ना, ते मला त्या मीटरमध्ये दिसतं. हलगी थांबायच्या आत डाव टाकायचा. शिवाय 'नो मर्सी'त जीव दाखवणारी पट्टीच नाही. समोरचा किती खचलाय हे त्याच्या उठण्यावरून ओळखायचं, आखाड्याच्या कडेला बसलेला वस्ताद ओळखतो तसं.

'पेन'ने तिसरा मार्ग काढला. पडद्यावर शरीराची आकृती असते आणि डोकं, धड, हात, पाय यांचा मार वेगवेगळा दिसतो. पायच धरून बसलात तर समोरचा लंगडतो. पायावर काम करून मग पायाची पकड लावून शरणागती घ्यायची, हे त्या मालिकेत पहिल्यांदा मनासारखं जमलं.

कसोटी दुसरी: वजन

सर्वांत हलका पहिलवान घ्या आणि सर्वांत जडाला उचलायचा प्रयत्न करा. दोनच मिनिटांची कसोटी आहे, पण फार बोलकी. 'स्मॅकडाउन'च्या सुरुवातीच्या भागांत हलका गडीही डोंगराएवढ्या माणसाला अल्लद उचलून आपटतो. 'पेन'मध्ये रे मिस्टेरिओने बिग शोला उचलायला हात घातला तर ते होत नाही. आपल्या मातीतली कुस्ती पाहिलेल्या माणसाला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो. गावच्या यात्रेत साठ किलोचा पोरगा नव्वद किलोच्या मल्लाला चीत करतो तो टांग मारून, लपेट घालून. उचलून कधीच नाही.

कसोटी तिसरी: आपल्या गावचा पहिलवान

हा सर्वांत रंगणारा भाग. नवा पहिलवान तयार करायची सोय 'स्मॅकडाउन', 'नो मर्सी' आणि 'पेन' तिघांतही आहे. आम्ही एक तालमीतला मल्ल बनवला: कमरेला लाल चड्डी, बाकी अंग उघडं, भरदार मिशा. लंगोट कुठल्याच गेममध्ये मिळाला नाही. नाव इंग्रजी अक्षरांतच टाकावं लागतं, तेव्हा आखूड निवडा.

खरी परीक्षा डावांची. कलाजंगासाठी फायरमन्स कॅरी जवळचा आहे, कारण समोरच्याला खांद्यावर घेऊनच फेकायचं असतं. धोबीपछाडला खांद्यावरून फेकायचा डाव शोधा. बाकीला बेली-टू-बेली आणि साधे सप्लेक्स (धरून, उचलून मागे आपटायचे डाव) द्या, लाथा-बुक्क्या कमीत कमी ठेवा. मग या मल्लाला पाच मॅच लढवा आणि तो नुसत्या पकडींवर जिंकू शकतो का ते पाहा. 'नो मर्सी'त जिंकतो, कारण तिथला सगळा खेळ पकडीतून उगवतो. पहिल्या 'स्मॅकडाउन'मध्ये त्याला बाकीच्यांसारखंच पळावं लागतं.

कसोटी चौथी आणि पाचवी

शिडीची मॅच (शिडी चढून वर टांगलेला पट्टा काढायचा) पहिल्या 'स्मॅकडाउन'मध्ये नाही, दुसऱ्यात आली. 'नो मर्सी' आणि 'पेन'मध्येही आहे. शिडी हवी तिथे उभी राहते का, वर असताना कुणी हलवली तर पडणं खरं वाटतं का, एवढंच पाहा. ही मॅच माणसासमोर खेळा, मशीनसमोर नको.

पाचवी कसोटी सीझनची, आणि तिला वेळ लागतो. 'नो युअर रोल'च्या सीझनमध्ये मॅचच्या मध्ये लोडिंगची वाट फार पाहावी लागते. दुकानात हे जाणवत नव्हतं, कारण तोवर भांडण करायला वेळ मिळायचा. घरी एकट्याने खेळताना जीव मेटाकुटीला येतो. 'नो मर्सी'त अजिंक्यपदाच्या प्रत्येक पट्ट्याची स्वतंत्र कथा आहे आणि हरलात तरी ती पुढे सरकते, नुसती वाट बदलते. म्हणून मुद्दाम एकदा हरून बघा. मूळ काडतूस घेत असाल तर सावध राहा: सुरुवातीच्या काही काडतुसांत सेव्ह केलेलं सगळं आपोआप पुसलं जाण्याचा दोष होता. विकत घेण्याआधी सेव्ह करून, बंद करून, पुन्हा लावून पाहा.

'पेन'मध्ये कॉमेंट्री नाही. लहानपणी मला हे कधी कळलंच नव्हतं, कारण कॉमेंट्री आम्हीच करायचो: "मार त्याले! उठी राह्यना, उठी राह्यना!"

वही कशी लिहायची

दहापैकी गुण देऊ नका. दोन दिवसांनी सात आणि आठ यांतला फरक आपल्यालाच सांगता येत नाही. त्याऐवजी मॅचचा वेळ, उलटडावांची संख्या, कुठल्या क्षणी कुणी ओरडलं, आणि 'आणखी एक मॅच' असं कोण म्हणालं ते लिहा. शेवटची नोंद सर्वांत खरी. जमल्यास ज्याने हे गेम कधीच पाहिले नाहीत अशा एकाला सोबत बसवा. माझ्या बारा वर्षांच्या भाचीने 'रॉयल रंबल' दहा मिनिटांत सोडला, बटण बडवून अंगठा दुखला म्हणाली. 'पेन' तिने रात्री साडेअकरापर्यंत खेळला.

आमच्या वहीतला निकाल

दोघांनी शांत बसून खेळायचं असेल तर 'नो मर्सी'. खानदेशात निन्टेंडो ६४ आम्ही कुणाकडेच पाहिला नव्हता, त्यामुळे या गेमशी माझी लहानपणीची एकही आठवण जोडलेली नाही. तरीही तो वर आला, म्हणून या निकालावर माझा जास्त विश्वास आहे. चौघे एकदम रिंगमध्ये आले की त्याचा वेग मंदावतो, तेवढा दोष धरा.

घर भरलेलं असेल तर 'हिअर कम्स द पेन'. एलिमिनेशन चेंबर या मालिकेत इथेच पहिल्यांदा आला, आणि सहा जण त्या पिंजऱ्यात असताना खोलीत कुणी गप्प बसत नाही. पहिला 'स्मॅकडाउन' मला खूप प्रिय आहे, पण वहीत तो चौथा आला आणि तो चौथाच लिहिला. 'व्हर्सेस रॉ २००६'मध्ये दमाची पट्टी आहे. दम संपला की थांबून श्वास घ्यावा लागतो. मावसभावाला ते कंटाळवाणं वाटतं, मला तालमीतल्या शेवटच्या बैठका आठवतात. आमचं अजून एकमत नाही.

'नो मर्सी' आवडला आणि आजच्या मशीनवर तसंच काही हवं असेल तर यूक्सनेच २०२३ मध्ये केलेला 'एईडब्ल्यू फाईट फॉरएव्हर' पाहा, तो त्याच वळणाचा आहे. पकडीचं टायमिंग शिकायचं असेल तर 'फायर प्रो रेसलिंग वर्ल्ड'. त्यात बटण बडवणाऱ्याचा डाव लागतच नाही.

यंदाच्या आखाजीला मावसभाऊ भुसावळहून मल्टिटॅप आणणार आहे. पुरणपोळी आणि आमरस झाला की दुपारी चार रिमोट, चार माणसं आणि शिडीची मॅच पुन्हा पहिल्यापासून, कारण गेल्या वर्षी ती आम्ही दोघांनीच खेळून लिहिली होती.